न्यूझीलंडचे गवत आणि न्यूझीलंडचे दूध

शहरात राहणाऱ्या माणसाला गवत म्हणजे सारे एकच. टेकडीवर पावसाळ्यात हिरवे होते आणि दिवाळीनंतर पिवळे पडते, यापलीकडे त्याची चौकशी करण्याचे आपल्याला सहसा कारण पडत नाही. एखाद्या धनगराला किंवा गवळ्याला विचारावे, म्हणजे मारवेल, पवन्या, कुसळी, हराळी अशी नावे तो भराभर सांगू लागतो. कुसळी कोवळी असेतो जनावर खाते, कुसळे धरली की तोंड फिरवते. मारवेल मात्र वाळली तरी आवडीने खाते, हे त्याला ठाऊक असते. ही माहिती त्याच्या दृष्टीने करमणुकीची नव्हे. संध्याकाळी भांड्यात किती दूध पडणार हे तिच्यावर ठरते.

गवत आणि दूध यांचा हा संबंध जगात सर्वत्र आहे. परंतु एका संपूर्ण देशाचा संसारच या संबंधावर उभा राहिला, असे उदाहरण पाहावयाचे तर न्यूझीलंडकडे वळावे लागते. सुमारे पन्नास लाख वस्तीचा हा देश जगातल्या एकंदर दुधापैकी शेकडा तीनच्या आसपास दूध काढतो, पण आपल्या दुधापैकी जवळजवळ सारे परदेशी विकतो. लोणी आणि दुधाची भुकटी यांच्या जागतिक व्यापारात त्याचे नाव अग्रभागी असते. यात विलक्षण गोष्ट अशी की, दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्या देशात एकही गाय नव्हती, आणि गायीला मानवेल असे गवतही नव्हते. गाय आणता येते. गवत मात्र घडवावे लागते. ते कसे घडविले गेले आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

माओरी लोक त्या बेटांवर पोहोचण्यापूर्वी तेथे वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. चरणारे होते ते पक्षी. मोआ नावाचे, उडता न येणारे, प्रचंड पक्षी. माओरींनी कुत्रा आणि उंदीर बरोबर आणले, आणि काही पिढ्यांतच मोआ नामशेष झाले. म्हणजे ज्या गवताला हजारो वर्षे गायीच्या जिभेचा आणि खुराचा अनुभवच नाही, असे गवत तेथे होते. झुपक्याझुपक्यांनी वाढणारे, राठ, एकदा तोडले की सावकाश फुटणारे. आपल्याकडची हराळी जितकी खुडावी तितकी पसरते; गुरांच्या सहवासात ती वाढली आहे. न्यूझीलंडच्या गवतांना ही शिकवण मिळालेली नव्हती. १८१४ साली सॅम्युएल मार्सडेन या मिशनऱ्याने उत्तरेकडील बे ऑफ आयलंड्स येथे पहिली गुरे उतरविली, तेव्हा त्या गुरांच्या तोंडी हे गवत आणि रानातला पाला यांखेरीज फारसे काही आले नसावे.

पुढे वसाहतवाले आले. त्यांनी उत्तर बेटातले अरण्य पाडले, वाळू दिले, पेटविले, आणि राख ऊन असेतोच तीवर विलायती गवताचे बी फेकले. जळक्या बुंध्यांच्या मधून कोवळे हिरवे गवत वर आले की जमीन ‘सुधारली’ असे ते म्हणत. हर्बर्ट गथ्री-स्मिथ नावाच्या एका मेंढपाळ जमीनदाराने ‘तुतिरा’ या नावाचा एक मोठा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध केला. आपल्या एका शेतावर कोणते गवत कधी आले, कोणती वनस्पती कोणत्या वाटेने शिरली, मेंढ्यांच्या पायांनी डोंगराचा आकार कसा बदलला, याची बारीकसारीक नोंद त्याने केली आहे. शेताचे चरित्र म्हणता येईल असे पुस्तक जगात विरळाच असेल.

हे बी आले कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. इंग्लंडात गवत पेरण्याची विद्या फार जुनी नव्हे. बारमाही राय गवत तेथे सतराव्या शतकात पेरले जाऊ लागले. क्लोव्हर त्याच शतकात हॉलंड-बेल्जमकडून आले. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचे सख्खे भावंड. शेंगवर्गीय, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठविणारे. तथापि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शेतकरी गवताचे बी म्हणून गंजीखालचा केरकचराच झाडून पेरीत. त्यात निम्मे तण असे. बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न येथे आपल्या बागेत निरनिराळ्या गवतांचे वाफे करविले, आणि त्याचा माळी जॉर्ज सिंक्लेअर याने त्यांचे उत्पन्न मोजून १८१६ साली एक ग्रंथ काढला. पहिल्या आवृत्तीत चित्रांच्या जागी खऱ्या गवताचे वाळविलेले नमुने चिकटविलेले होते. गवत हे पीक आहे आणि पिकासारखे त्याचे मोजमाप घेता येते, ही कल्पना तेथून रुजू लागली.

न्यूझीलंडमध्ये हे बी इंग्लंडहून जहाजांनी आले, आणि लवकरच तेथेच पिकू लागले. दक्षिण बेटातल्या अकारोआ परिसरात कॉक्सफूट गवताच्या बियांचा मोठा धंदा उभा राहिला. भर उन्हाळ्यात, खड्या चढणीवर, विळ्याने लोंब्या कापावयाच्या आणि झोडपून बी काढावयाचे. हे काम करण्यास दूरदूरहून मजूर येत. उत्तर बेटातल्या जळक्या अरण्यांवर पडलेले कितीतरी बी या डोंगरावरून गेलेले आहे.

येथवरची हकीकत उद्योगाची वाटते. परंतु जमीन कोणाची होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. न्यूझीलंडच्या दुधाची दोन माहेरघरे म्हणजे वाईकाटो आणि तारानाकी. १८६० पूर्वी वाईकाटोतले माओरी गहू पिकवीत, त्यांच्या स्वतःच्या पिठाच्या गिरण्या होत्या, आणि ऑकलंड शहराला धान्य तेच पुरवीत. १८६३ साली इंग्रजी फौजा वाईकाटोत शिरल्या. त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या आधारे, ‘बंडखोर’ ठरविलेल्या जमातींच्या जमिनी सरकारजमा झाल्या. एकट्या वाईकाटोत सुमारे बारा लाख एकर. तारानाकीतही तेच झाले. आज जेथे जगातली उत्तम कुरणे म्हणून दाखवितात, त्यांतला फार मोठा भाग या जप्त जमिनींचा आहे.

तारानाकीतली एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची वाटेल. परिहाका नावाच्या गावी ते व्हिटी आणि तोहू हे दोन पुढारी होते. शस्त्र न उचलता प्रतिकार करावयाचा, असा त्यांचा निश्चय. १८७९ साली त्यांनी आपले नांगरे पाठविले. वसाहतवाल्यांनी जप्त जमिनीवर जी विलायती कुरणे केली होती, ती या लोकांनी शांतपणे नांगरून टाकली. पकडून नेले की दुसरे नांगरे पुढे येत. शेकडो लोक खटल्यावाचून दक्षिण बेटातल्या तुरुंगांत डांबले गेले. अखेर ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे सोळाशे सशस्त्र लोक गावावर चालून गेले, तेव्हा त्यांना सामोरी आली ती गाणी म्हणत नाचणारी मुले. चंपारण्याच्या छत्तीस वर्षे आधीची ही घटना आहे. गवत पेरणे म्हणजे मालकी सांगणे, आणि ते नांगरणे म्हणजे ती मालकी नाकारणे, हे दोन्ही पक्षांना पुरेपूर कळलेले होते. वाईकाटोबाबत ब्रिटिश राजसत्तेने कायद्याने क्षमा मागितली ती १९९५ साली. परिहाकाबाबत सरकारने क्षमा मागितली ती २०१७ साली.

त्याच तारानाकीत दुधाचा धंदा सुरू होण्यास ज्या माणसाने हातभार लावला, तो इंग्रज नव्हता. च्यू चाँग नावाचा चिनी व्यापारी जळक्या लाकडांवर उगवणाऱ्या अळंब्या विकत घेऊन चीनला पाठवी, आणि अरण्य पाडणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख पैसा देई. गायी घेण्यापुरते दोन पैसे पुष्कळांच्या हाती आले ते या अळंब्यांतून. पुढे १८८७ साली एल्टहॅम येथे त्याने लोण्याचा कारखाना काढला. त्यापूर्वी पाच वर्षे, १५ फेब्रुवारी १८८२ रोजी, ‘डनीडिन’ हे जहाज गोठविलेले मांस आणि थोडे लोणी घेऊन लंडनकडे निघाले होते, आणि २४ मे रोजी माल शाबूत पोहोचला होता. त्या एका सफरीने देशाचे नशीब बदलले. लोणी विषुववृत्त ओलांडून जाऊ शकते असे ठरताच प्रत्येक खोऱ्यात सहकारी लोणीघरे निघू लागली. साय वेगळी काढणारे यंत्र आणि दुधातली चरबी मोजण्याची बॅबकॉकची १८९० सालची पद्धत, यांमुळे कोणाच्या दुधाला किती मोल हे नेमके ठरू लागले. पाणी घालण्यात अर्थ उरला नाही, हे ओघाने आलेच.

मधे एक मौजेची अडचण आली होती. तांबडे क्लोव्हर पेरले तर उगवे, फुलेही येत, पण बी धरत नसे. दरवर्षी इंग्लंडहून बी आणावे लागे. कारण हे की, त्याच्या फुलाची नळी लांब, साध्या मधमाशीची जीभ आखूड. लांब जिभेच्या भुंग्यांचे काम ते. डार्विनने आपल्या ग्रंथात या भुंग्यांचा आणि क्लोव्हरचा संबंध वर्णिलेला होताच. तेव्हा १८८५ साली इंग्लंडहून थंड पेटाऱ्यांतून भुंगे आणून सोडले गेले, आणि क्लोव्हरला बी धरू लागले. पांढऱ्या क्लोव्हरला मात्र साधी मधमाशी पुरते. ती पूर्वीच येऊन पोहोचली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी स्थिती होती की कारखाने आहेत, जहाजे आहेत, विलायतेचे गिऱ्हाईक आहे. आणि कुरणे मात्र दगा देत आहेत. शेतकरी ‘बारमाही राय’ असे लेबल लावलेले बी विकत घेई. पहिल्या वर्षी पीक असे झकास येई की शेजाऱ्याने पाहत राहावे. दुसऱ्या वर्षी विरळ होई. तिसऱ्या वर्षी जमिनीवर तण आणि निकस गवत. राखेतली सुपीकता सरलेली, कर्ज काढून घेतलेली जमीन, पुन्हा बियांचा खर्च. डोंगराळ भागातली कित्येक शेते झुडुपांनी पुन्हा गिळली आणि मालक निघून गेले.

याचा छडा लावणारा गृहस्थ म्हणजे एनॉक ब्रूस लेव्ही. १८९२ साली जन्मलेला हा मनुष्य शेतकी खात्यात नोकरीला लागून पुढे कुरणांचा अभ्यासक झाला. खात्यात ॲल्फ्रेड कॉकेन हे त्याचे वडीलधारे. लेव्हीने देशाच्या सर्व भागांतून आणि परदेशांतून राय गवताच्या बियांचे नमुने गोळा केले आणि पामर्स्टन नॉर्थ येथे शेजारी शेजारी पेरून वर्षानुवर्षे पाहिले. उगवतेवेळी सारी रोपे सारखी. पण काळ जाऊ लागला तशी त्यांची जात उघडी पडली. हॉक्स बे आणि पॉव्हर्टी बे या जुन्या मेंढ्यांच्या मुलखातून आलेले बी दाट, पानाळ आणि टिकाऊ ठरले. इतर बरेचसे बी नावाला बारमाही. आम्ही त्याला तोतया बारमाही म्हणू.

याचे कारण मोठे उद्बोधक आहे. हॉक्स बेसारख्या ठिकाणी कुरण वीस-वीस, तीस-तीस वर्षे चरलेले असे, आणि मग कधीतरी एखाद्या हंगामात बियांसाठी राखले जाई. इतकी वर्षे खुडले जाऊन जी रोपे जिवंत राहिली, त्यांचेच बी हाती येई. उलट, जेथे धान्याच्या फेरपालटीत वर्ष-दोन वर्षे राय पेरून लगेच बी काढीत, तेथे लवकर लोंब्या टाकणारी, भरपूर बी देणारी आणि लवकर मरणारी रोपेच पिढ्यान्‌पिढ्या वरचढ होत गेली. बियांच्या व्यापाऱ्याला हवे भरपूर बी. गायीला हवे भरपूर पान. हे दोन हेतू एकमेकांच्या उलट आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. व्यापाऱ्याने मुद्दाम फसविले असे म्हणता येत नाही. कापणीनेच त्याच्या नकळत निवड केली होती.

असाच विचार त्याच सुमारास इंग्लंडात आणि वेल्समध्ये चालू होता. नॉर्थंबरलंडमधल्या कॉकल पार्क येथे १८९६ पासून सॉमरव्हिलने निकस कुरणावर पोलादाच्या भट्टीतली मळी घालून पाहिली, तेव्हा आपोआप पांढरे क्लोव्हर पसरले आणि मेंढ्यांची वजने वाढली. त्याच्या मागून आलेल्या गिलख्रिस्टने रानटी पांढऱ्या क्लोव्हरचे बी मिश्रणात घालण्याचा आग्रह धरला. १९१९ साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथ येथे वनस्पती-पैदास केंद्र निघाले, आणि त्याचा संचालक जॉर्ज स्टेपल्डन याने बाजारी बियांच्या विरुद्ध जुन्या कुरणांतल्या देशी वाणांचा कैवार घेतला. १९२६ साली तो न्यूझीलंडला गेला. त्याचा सहकारी विल्यम डेव्हिस याने पुढे लेव्हीबरोबर प्रयोग केले.

न्यूझीलंडमध्ये १९३० च्या सुमारास सरकारी प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. तपासनीस शेतावर जाऊन पाहणार, पोत्यावर शिक्का मारणार. परंतु बारमाही राय आणि इटालियन राय हे सहज संकरित होतात, आणि दाणे पाहून सरमिसळ ओळखता येत नाही. तेथे एक सुरेख युक्ती उपयोगी पडली. पांढऱ्या टीपकागदावर बी रुजवावयाचे आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर जंबुपार किरण सोडावयाचे. इटालियन रायची मुळे कागदावर चकाकतात. खऱ्या बारमाहीची चकाकत नाहीत. पांढऱ्या क्लोव्हरसाठी दुसरी कसोटी होती. त्याच्या काही वाणांत किंचित हायड्रोसायनिक विष असते. तेच, ज्याच्यामुळे आपल्याकडे कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते. पिक्रिक आम्लाचा पिवळा कागद त्याच्या वाफेने तांबूस होतो. न्यूझीलंडच्या टिकाऊ क्लोव्हरमध्ये हे विष गायीला न बाधण्याइतके असे, आणि कागदाचा रंग पाहून वाण ओळखता येई. एका दाण्याची जात ओळखण्यासाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या दाण्यावर शेतकऱ्याचे पाच वर्षांचे कर्ज अवलंबून होते.

आता गायीच्या बाजूने पाहू. गायीला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताला वेटोळे घालते, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरते आणि मान हिसडून तोडते. मिनिटाला पन्नास-साठ घास. दिवसाचे सुमारे आठ तास ती चरते आणि जवळजवळ तितकाच वेळ रवंथ करते. वसंतातल्या ओल्या रायमध्ये पाणीच शेकडा ऐंशीच्या वर, म्हणून पोट भरण्यास सत्तर-ऐंशी किलो गवत तोडावे लागते. गवत आखूड वा विरळ असेल तर ती घास वाढविते, चरण्याचा वेळही वाढविते. पण यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की दूध उतरते. पानाळ राय कोवळे असता त्याच्या शुष्क भागापैकी शेकडा ऐंशीच्या आसपास पचते. लोंबी बाहेर पडून दांडा कडक झाला की हा आकडा साठ-पासष्टवर येतो. शिवाय राठ चारा पोटात जास्त वेळ राहतो, म्हणून गाय खातेही कमी. उशिरा लोंबी टाकणारा वाण आणि लवकर टाकणारा वाण यांत दिसावयास फरक थोडा, पण काही आठवड्यांचे दूध त्यात असते. क्लोव्हर याहूनही लवकर पचते. राय आणि क्लोव्हर शेजारी शेजारी ठेवून निवड करू दिली, तर जनावरे सुमारे सत्तर टक्के क्लोव्हर खातात. तेही सकाळी अधिक, आणि संध्याकाळकडे गवताकडे वळतात, असे इंग्लंडातल्या प्रयोगांत दिसून आले आहे.

हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधनकेंद्रात या विषयावर एक अपूर्व साधन जमविले गेले होते: एकबीज जुळ्या गायी. खेडोपाडी हिंडून अशा जोड्या विकत घेतल्या गेल्या. जन्मगुण एकच असल्यामुळे एकीला एक चारा, दुसरीला दुसरा देऊन जो फरक पडेल तो चाऱ्याचाच. जॉन हॅनकॉक याने १९४०-५० च्या सुमारास या जुळ्यांच्या मागे दिवसरात्र माणसे बसवून त्यांचे चरणे, चालणे, बसणे, रवंथ करणे सारे टिपून ठेवविले. जुळ्या बहिणी बहुधा एकाच सुमारास चरू लागत, एकाच सुमारास बसत. निरनिराळ्या जोड्यांत मात्र मोठा फरक. म्हणजे चरण्यातला उत्साहही रक्तातच असतो.

याच केंद्राचा प्रमुख कॅम्बेल पर्सी मॅकमीकन हा मोठा जबरदस्त मनुष्य होता. १९४३ पासून त्याने रुआकुराची सूत्रे सांभाळली. ‘गवतापासून दुधाकडे’ अशा अर्थाचे त्याचे पुस्तक १९६० साली निघाले. एका गायीने किती दूध दिले याचा अभिमान बाळगू नका, एका एकराने किती दिले ते मोजा, हे त्याचे सांगणे. एकरी गायी वाढविल्या तर दर गायीमागे दूध थोडे घटते, परंतु एकरी दूध वाढते, कारण गवत वाया जात नाही. आपल्याकडे जत्रेतल्या प्रदर्शनात एका म्हशीच्या दुधाचा आकडा फळ्यावर लिहितात. तिच्यासाठी किती जमिनीचा कडबा आणि किती पेंड खर्ची पडली, हे कोणी लिहीत नाही. मॅकमीकनचा हिशेब आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो, जरी त्याचे टोक पुढे कोठे गेले ते आपण पाहणारच आहोत.

गवताच्या वाढीला गायीचे विणेही जुळवून घेतले गेले. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक साऱ्या गायी एकदम वितात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वसंतात गवताचा भर आणि दुधाचा भर एकत्र येतो. हिवाळ्यात गायी आटवितात आणि बहुतेक कारखाने जवळजवळ बंद राहतात. विजेच्या तारेचे कुंपण आले आणि कुरणाचे तुकडे करून रोज नवा तुकडा चारता येऊ लागला.

इतके दूध काढावयाचे तर जमिनीत काही घालावे लागणारच. नत्राची सोय क्लोव्हर करी. पीटर सिअर्स याने पामर्स्टन नॉर्थच्या प्रयोगांत दाखविले की क्लोव्हर असेल आणि शेण-मूत कुरणातच पडू दिले, तर गवताचे पीक झपाट्याने वाढते. पण क्लोव्हरला स्फुरद हवा, आणि तो त्या जमिनीत कमी. तो मिळाला प्रशांत महासागरातल्या नाऊरू आणि ओशन या दोन चिमुकल्या बेटांवर. १९०० साली ॲल्बर्ट एलिस याने तेथला दगड ओळखला, आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त मंडळाने तो खणून नेण्यास आरंभ केला. १९४९ पासून विमानांतून हे खत डोंगरांवर फवारले जाऊ लागले. ओशन बेटाच्या, म्हणजे बनाबाच्या, रहिवाशांना १९४५ साली दोन हजार किलोमीटरहून दूर फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवण्यात आले. नाऊरू १९६८ साली स्वतंत्र झाले. आज त्या बेटाचा बहुतेक मध्यभाग खणून काढलेल्या सुळक्यांचा ओसाड माळ आहे. ते बेट पेरल्या गेलेल्या कुरणांत विरघळले, असे म्हटले तर ती अलंकारिक भाषा होणार नाही.

या कहाणीत हिंदी माणसेही आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबी आणि गुजराती मजूर वाईकाटोत आणि लगतच्या किंग कंट्रीत झुडुपे तोडण्याचे व चर खणण्याचे काम करीत. त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःची दुभती शेते केली. आणि आणंदच्या वर्गीज कुरियन यांनी दुग्धव्यवसायाचे शिक्षण न्यूझीलंडमध्ये जाऊन घेतले होते. सहकाराची बांधणी त्यांना तेथे पाहावयास मिळाली. परंतु आणंदच्या शेतकऱ्याजवळ ना राय गवत होते, ना कुरण. होती ती दोन-तीन म्हशी आणि शेताच्या बांधावरचा चारा. तेव्हा सहकार आला, गवत आले नाही. आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता, ती एच. एम. दलाया यांनी करून दाखविली.

कुरणावर इतके अवलंबून राहिले की कुरणाचे रोगही अंगावर घ्यावे लागतात. ओले क्लोव्हर अधाशीपणे खाऊन पोट फुगते आणि गाय तासाभरात मरते. यावर तेथील संशोधकांनी १९५० च्या दशकात भुईमुगाच्या तेलाचा उपाय सिद्ध केला. पोटफुगीवर गोडेतेल पाजणाऱ्या आमच्या खेडुताला त्याचे आश्चर्य वाटणार नाही. रायच्या वाळक्या पाचोळ्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस एक बुरशी वाढते. तिच्या विषाने यकृत बिघडून जनावराचे तोंड उन्हात भाजल्यासारखे होते. ते आरोहा येथील शेतकरीण ग्लॅडिस रीड हिने जस्ताचा क्षार पाजून हा रोग टळतो असे १९७० च्या दशकात सांगण्यास सुरुवात केली. शास्त्रज्ञांना ते पटावयास वेळ लागला. पटल्यानंतर १९८३ साली तिला राजसन्मान मिळाला.

परंतु सर्वांत चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली ती १९८१ साली. उन्हाळ्यात राय खाल्लेल्या मेंढ्या आणि गायी मधूनच थरथरत, लटपटत, कोसळत. याचे कारण फ्लेचर आणि हार्व्ही यांना सापडले: राय गवताच्या आतच राहणारी, बाहेरून मुळीच न दिसणारी, बियांतून पुढच्या पिढीत जाणारी एक बुरशी. ती काढून टाकलेले बी पेरले, तर जनावरे निरोगी राहिली, पण गवतच मेले. कारण आर्जेंटिनी खोडकिड्यापासून त्याचे रक्षण हीच बुरशी करीत होती. म्हणजे हॉक्स बेच्या जुन्या कुरणांतले राय टिकाऊ होते, त्यात या गुप्त भाडेकरूचाही वाटा होता. लेव्हीने टिकाऊपणा निवडला, आणि त्याबरोबर नकळत बुरशीही निवडली गेली. पुढे शोध घेता घेता, कीड रोखील पण जनावराला लटपटविणार नाही अशा बुरशीचे प्रकार सापडले, आणि २००१ पासून त्या बुरशीसह बी विकले जाऊ लागले. आता न्यूझीलंडचा शेतकरी गवताचा वाण विचारतो आणि त्यातल्या बुरशीचाही वाण विचारतो.

अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत मात्र जुनी घडी विस्कटली. १९८२ साली तारानाकीत नैसर्गिक वायूपासून युरिया तयार होऊ लागला. १९९६ साली वाईकाटोत क्लोव्हरची मुळे खाणारा भुंगेरा आढळला, आणि नत्र फुकट देणारे क्लोव्हर मागे पडले. युरिया घालून राय दाट वाढवावे, एकरी गायी आणखी वाढवाव्या, असे चालले. कॅन्टरबरीच्या कोरड्या मैदानावर पाण्याचे पाट आणि फिरते फवारे गेले. १९९० नंतरच्या पंचवीस वर्षांत दुभत्या गुरांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. गाय जेथे मुतते त्या हातभर जागेत इतका नत्र पडतो की गवताला तो घेता येत नाही. पावसाबरोबर तो खाली झिरपतो आणि विहिरींत व नद्यांत उतरतो. नद्यांत पोहता येत नाही ही तक्रार २०१७ च्या निवडणुकीत मोठी झाली. जुलै २०२१ पासून हेक्टरी वर्षाला १९० किलोपेक्षा अधिक रासायनिक नत्र कुरणाला घालू नये, असा नियम झाला.

आणि गवताचे मिश्रण पुन्हा तपासले जाऊ लागले. लांब पानाचे केळीण, म्हणजे आपल्या इसबगोलाचे एक भावंड, जुन्या कुरणांत तण म्हणून उगवे, आणि बियांच्या तपासणीत त्याचे दाणे सापडले तर पोते कमी प्रतीचे ठरे. ते खाल्ल्याने गाय अधिक पातळ आणि अधिक वेळा मुतते, त्यामुळे एका जागी पडणारा नत्र कमी होतो, असे आढळले आहे. आता त्याचे निवडलेले वाण आहेत, आणि शेतकरी राय व क्लोव्हर यांच्या बरोबर ते पैसे मोजून पेरतो.